ठकीच्या नावाचं आवतण

ही घटना खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथंच थांबावं, माझं काही म्हणणं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, अमावास्येच्या असतात. ही तशी नाही. ही दोन हजार तीन सालच्या वैशाखातली, भर दुपारची. आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळच्या पुढं, डांबरी सोडून आत गेलं की एक पांढरी इमारत होती. तिथं ही घडली. आता त्या इमारतीला कुलूप आहे.

कुंडलिकदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सखूबाईचे मालक. आम्ही तिला आक्का म्हणायचो. दाजींची वाडी भीमाशंकरच्या जंगलाच्या खालच्या अंगाला. घराणं झाडपाल्याचं औषध देणारं. लहान लेकरांच्या डांग्या खोकल्यावर त्यांच्याकडं एक मूळ होतं. झाडाचं नाव मी लिहिणार नाही, कुणी विचारूही नये.

ते मूळ असं उठून आणता येत नाही.

आदल्या दिवशी तिन्हीसांजेला झाडापाशी जायचं. बुंध्याशी तांदूळ आणि सुपारी ठेवायची. झाडाला आवतण द्यायचं. "उद्या येतो. अमक्यासाठी येतो." आजाऱ्याचं नाव घ्यायचं. दुसऱ्या दिवशी अनवाणी जायचं आणि लाकडाच्या खुंट्यानं उकरायचं. लोखंड लावायचं नाही. आजारी उठून बसला की उरलेलं मूळ परत झाडाखाली पुरायचं आणि म्हणायचं, "काम झालं. ज्याचं नाव घेतलं त्याला मोकळं कर."

हे शेवटचं लई महत्त्वाचं. मूळ परत गेलं नाही तर नाव अडकून राहतं, असं दाजींचे वडील सांगायचे.

दाजींना एकच मुलगी. ठकी. आजीचं नाव ठेवलेलं. सहा वर्षांची झाली आणि तिला डांग्या खोकला लागला. दुसऱ्यांच्या लेकरांना उठवणारा माणूस, स्वतःच्या लेकीसाठी सांजेला झाडाला आवतण देऊन आला. उजाडल्यावर मूळ काढायला निघायचं होतं.

उजाडायच्या आत ठकी गेली.

ते मूळ काढायचं राहूनच गेलं. पुढं त्यांना दुसरं लेकरू झालं नाही.

या गोष्टीला वीस वर्षं होत आली असतील, तेव्हा वाडीवर डॉक्टर पडवळांची जीप आली. हे दवाखान्यातले डॉक्टर नव्हेत. औषधात काय असतं ते शोधणारे. माणूस आपल्याच तालुक्यातला, बोलायला गोड. त्यांनी ओसरीवर बसून चहा घेतला आणि मूळ मागितलं.

"कुणासाठी पायजे?" दाजींनी विचारलं.

"कुणासाठी नाही. तपासायला. त्यात खोकल्याला थांबवणारं नेमकं काय आहे, ते आतून कसं दिसतं, ते बघायचंय."

"आजारी कोण हाय?"

"कुणीच नाही, कुंडलिकराव."

"मग नाव कुणाचं घ्यू?"

डॉक्टर हसले. "माझं घ्या की."

दाजींनी ते घेतलं नाही. धडधाकट माणसाचं नाव घेतलं की आजार त्याला शोधत येतो. नाव न घेता काढलं तर मुळाचं लाकूड होतं. एक-दोन सांजा ते झाडापाशी गेले आणि तसेच परत आले. मग त्यांच्या मनात आलं... एक आवतण आपण देऊन ठेवलेलं आहेच. ज्याला दिलं ते झाड अजून वाट बघत असेल.

त्यांनी तांदूळ ठेवले. सुपारी ठेवली.

"उद्या येतो. ठकीसाठी येतो."

वारा अजिबात नव्हता. तरी झाडाची पानं एकदा हलली... आणि थांबली.

सकाळी मूळ रताळ्यासारखं सुटून हातात आलं. इतकं मऊ मूळ दाजींनी जन्मात काढलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. पोरीचं औषध उशिरा का होईना, निघालं.

महिन्याभरानं डॉक्टरांनी निरोप धाडला, त्याच झाडाची साल घेऊन या. दाजी गाठोडं बांधून निघाले. घोडेगाव, मंचर, तिथून पुढं जीप. त्या पांढऱ्या इमारतीशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं.

दारात अनस भेटला. यंत्र चालवणारा पोरगा, जुन्नरचा. त्याच्या बापाचं, जलालभाईचं, जुन्नरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान.

"मामा, कोयता बाहेर. घड्याळ, किल्ल्या, सुईसुद्धा बाहेर. आतल्या देवीला लोखंड चालत नाही."

"आमच्या झाडालाबी चालत न्हाई," दाजी म्हणाले.

"मग तुमचं आणि तिचं जमलं म्हणायचं."

आत माणसाच्या उंचीचं स्टीलचं पिंप होतं, तीन पायांवर उभं. वरून थंड वाफ निघत होती. अनसनं सांगितलं, यात लोहचुंबक आहे, गाड्या उचलणाऱ्या चुंबकापेक्षा जबर. लाईट गेली तरी ते बंद होत नाही. एकदा चालू केलं की वर्षानुवर्षं चालू.

"आन् माझं मूळ कुठाय?"

"त्या पिंपाच्या पोटात. तेवढं मूळ उकळून, गाळून, वेगळं करून शेवटी नखावर बसेल एवढं निघालं. ते एका काचेच्या नळीत घातलंय. बोटाहून बारीक नळी, वीतभर लांब. ती आत गरागरा फिरतीय."

"फिरवून काय करता?"

अनसला बोलायची हौस होती. तो म्हणाला, "मामा, प्रत्येक वस्तू बारीक कणांची असते. हे चुंबक त्या कणांना सरळ उभं करतं. मग आपण बाहेरून एक धक्का देतो. ते आडवे पडतात. परत उभे राहताना बारीकसा आवाज करतात. तो ऐकायचा. त्यावरून कळतं कोण कुणाला धरून बसलंय."

"एका धक्क्यात कळतं?"

"कुठलं. माल एवढुसा. परत पाडायचं, परत ऐकायचं. हजारो वेळा. दिवसरात्र चालू आहे."

"त्यांला लागत न्हाई?"

"कुणाला?" अनस हसला. "या, तुम्हाला ऐकवतो. मी बापाच्या दुकानातला एक स्पीकर जोडलाय. जेवायला बसलो तरी कळतं, चाललंय का बंद पडलंय."

दाजी गाठोडं काखेत धरून उभे राहिले.

टिंग...

पितळी भांड्याला नख लावावं तसा आवाज. हळूहळू विरत गेला.

आणि मग...

आत ओढलेला श्वास.

लांबलचक. चिरका. कोंबड्याच्या आरवण्यासारखा, पण उलटा, आतल्या आत.

ज्याच्या घरात लेकराला डांग्या खोकला झालाय त्यालाच तो आवाज कळतो. लेकरू खोकून खोकून पार रितं होतं. डोळे बाहेर येतात. मग कुठून तरी एक श्वास ओढतं.

दाजींचं गाठोडं खाली पडलं.

"तो मागचा आवाज ना?" अनस म्हणाला. "साहेब म्हणतात स्पीकर फुटलाय. मी दोन बदलले."

दाजी स्पीकरकडं सरकले. ते पुढचं ऐकत होते. कारण ठकीचं एक होतं. श्वास ओढून झाला की तिच्यात बोलायचं बळ नसायचं. पाणी पाहिजे असलं की उशाशी ठेवलेल्या फुलपात्रावर ती नखानं वाजवायची. दोनदा.

टिंग...

श्वास...

टिक. टिक.

तेवढ्यात लाईट गेली. तेव्हा भारनियमन रोजचंच. कॉम्प्युटर विझला. पंखा थांबला. स्पीकर मुका झाला. अनस जनरेटर चालू करायला बाहेर पळाला.

खोलीत दाजी आणि ते पिंप.

टिक. टिक.

या बारीला आवाज स्पीकरातून आला नव्हता. पिंपाच्या आतून आला होता.

जनरेटर चालू झाला आणि डॉक्टर आत आले, तसे दाजींनी त्यांचे पाय धरले. ठकी, आवतण, झाड, सगळं सांगितलं. "साहेब, ती नळी मला द्या. झाडाखाली नेऊन पुरतो. माझी लेक अडकलीय त्यात. मीच नाव घेतलं व्हतं."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी दाजींना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "कुंडलिकराव, काम झालं की नळी तुमची. फक्त एका कोपऱ्याची रचना कळेना झालीय. तुमच्या ठकीला म्हणावं नीट बोल. नीट बोलली तर लवकर सुटेल."

मग अनसला म्हणाले, "धक्का वाढव जरा."

अनसनं वाढवला.

पुढचा श्वास इतका लांब होता की तो संपेपर्यंत दाजींनी स्वतःचा श्वास धरून ठेवला.

घरी येऊन त्यांनी आक्काला सांगितलं. त्यांना वाटलं, ती रडेल. आई आहे, डॉक्टरांच्या पाया पडेल, बाईमाणसापुढं त्यांचं मन वितळेल. आक्का रडली नाही. चुलीतली लाकडं मागं ओढली आणि विचारलं, "पयली यष्टी किती वाजता हाय?"

दुसऱ्या दिवशी ती दाजींच्या आधी फाट्यावर जाऊन उभी होती.

अनसनं तिला दारात अडवलं. "मामी, अंगावर लोखंड काही?" तिच्या मंगळसूत्राला नेहमीप्रमाणं सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. ती त्याच्याकडं न बघता आत शिरली. पिंपाजवळ गेली, तशा पिना उभ्या राहिल्या. मंगळसूत्र गळ्यापासून सुटून पुढं ताणलं गेलं. कुणीतरी मुठीत धरून ओढावं तसं.

अनसनं घाईनं तिला मागं घेतलं.

"राहू दे," आक्का म्हणाली. "मांडीवर घेतली की अशीच वढायची."

पिना काढून ती लाकडी स्टुलावर बसली. स्पीकर चालूच होता.

टिंग...

श्वास...

टिक. टिक.

आक्काचा चेहरा दाजींनी वीस वर्षांत तसा बघितला नव्हता. ती हसत होती.

"सखू, ऐकलंस न्हवं?" दाजी म्हणाले. "आता साहेबांना आपण दोघं मिळून सांगू. नळी घिऊ आन् झाडाकडं जाऊ."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? पाडत्यात गं तिला तिथं. उठली की पाडत्यात. दिवसरात्र."

"पाडू द्या," आक्का म्हणाली. "उठतीय न्हवं? घरी तर उठलीच न्हवती."

दाजी दाराबाहेर निघून गेले.

त्या दिवसापासून आक्का रोज जाऊ लागली. पहिल्या एसटीनं जायची, दुपारभर स्टुलावर बसायची. डॉक्टरांनी तिला मनाई केली नाही. उलट अनसला म्हणाले, बाई बसल्यापासून कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेषा स्वच्छ येतायत. आक्कानं एकदा त्यांना विचारलं, धक्का आणखी वाढवता येतो का. लांबून ऐकू येत नाही, म्हणाली.

दाजी दाराबाहेर उन्हात बसून राहायचे. आत गेले नाहीत. पण भिंत पातळ होती.

वैशाख संपता संपता डॉक्टरांचं काम झालं. त्यांनी कागदावर काढलेली आकृती दाजींना दाखवली. षटकोन, रेघा, मध्येच एक शेपूट. "हे बघा, हे तुमचं औषध." दाजींनी कागदाकडं बघितलं नाही. "नळी," एवढंच म्हणाले.

अनसनं नळी बाहेर काढली. दाजी दारातला कोयता घ्यायला वळले. वळून येईपर्यंत अनसनं नळी आक्काच्या हातात दिली होती. आईच्या हातात द्यावी, असं त्याला वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं.

"दे," दाजी म्हणाले.

"घरी गेल्यावर," आक्का म्हणाली.

घरी गेल्यावर नळी नव्हती.

दाजींनी कणगी उपसली. उतरंड उतरवली. वळचण तपासली, अंथरुणं उसवली. आक्का शांत बसून त्यांच्याकडं बघत राहायची. त्यांनी हात जोडले, शिव्या दिल्या, एकदा हातही उचलला. ती म्हणाली, "मारा. पर ती माझ्यापाशी ऱ्हाईल."

मग एका दुपारी दाजी वावरातून लवकर परतले. दार आतून लावलेलं. ते हाक मारणार होते...

टिंग.

घरात यंत्र नव्हतं. स्पीकर नव्हता. वाडीवर त्या दिवशी लाईटही नव्हती.

श्वास...

टिक. टिक.

दाजींनी फटीला डोळा लावला. आक्का भिंतीला टेकून बसली होती. डाव्या हातात काचेची नळी. उजव्या हाताच्या नखानं ती नळीवर मारत होती. मारायची, कान लावायची. श्वास ओढून झाला की हसायची.

फुलपात्र तिनं जवळ ठेवलेलं नव्हतं. पोरगी पाणी मागत होती आणि आई परत नख मारत होती.

दाजींनी दार धडकलं. उघडेपर्यंत नळी गायब.

असं सहा वर्षं चाललं. मी भावबीजेला जायचो तेव्हा दुपारी जेवण झालं की आक्का आम्हाला ओसरीवर घालवायची आणि दार लावून घ्यायची. दाजी लगेच उठून जंगलाकडं चालू लागायचे. एकदा मी ओसरीवरच थांबलो. जे ऐकलं ते मी वर लिहिलं आहे. त्यानंतर मी त्या घरी जेवायला थांबलो नाही.

दोन हजार नऊच्या भाद्रपदात आक्का गेली. बसल्या जागी, दार लावून.

दाजींनी रडायच्या आधी घर शोधलं. भिंतीच्या पोपड्यांतसुद्धा बोटं घातली. नळी सापडली तर त्याच पावली झाडाकडं जायचं, ठकीला मोकळं करायचं, मग आक्काला उचलायचं, असं त्यांनी मला सांगितलं. आम्ही थांबलो. नळी काही सापडली नाही. दिवस कलायला लागला तसं लोक म्हणाले, आता किती वेळ ठेवायचं.

बायकांनी तिला अंघोळ घातली, केस विंचरून अंबाडा घातला. आम्ही तिला नेली.

चितेनं पेट घेतला. दाजी डोक्याच्या बाजूला उभे होते.

टिंग...

सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी म्हणालं, बांगडी फुटली. पण बांगड्या घरीच उतरवल्या होत्या.

परत आल्यावर दाजींनी अंघोळ घालणाऱ्या बायकांना विचारलं. त्यातली एक म्हणाली, "अंबाड्यात काचंची काडी व्हती बाईच्या. केस सोडलं तवा हातात आली. तिची आवडीची वस्तू आसंल, म्हणून परत खोसली. तिच्यासंगं जाऊ दे म्हणलं."

दाजी खाली बसले.

राखेत शोधलं. काचेचा एक वितळलेला थेंब मिळाला, हरभऱ्याएवढा. तो दाजींनी झाडाखाली पुरला. "काम झालं. ठकीला मोकळी कर," म्हणाले. झाडाचं एक पान हललं नाही.

त्यांना वाटलं, निदान आता वाजवणारं कुणी नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी एकटा मागं राहिलो होतो. दुपारची जेवणं झाली. दाजी आणि मी ओसरीवर बसलो होतो. घरात कुणी नव्हतं. दार सताड उघडं होतं.

ते आमच्या डोळ्यांदेखत आतून लागलं. सावकाश.

मग...

टिंग.

मी दाजींकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

श्वास.

टिक. टिक.

आणि लगेच परत, जरा जोरात, घाईघाईनं...

टिंग.

दाजी अजून आहेत. कान चांगले आहेत, तेच वाईट. रोज दुपारी जेवणाआधी ते फुलपात्रात पाणी भरून आतल्या खोलीत भिंतीपाशी ठेवतात आणि बाहेर येऊन बसतात. दार लागतं. सगळं ऐकू येतं. दार उघडलं की ते आत जाऊन बघतात.

पाणी तसंच असतं. काठोकाठ.

मी त्यांना माझ्याकडं चला म्हणतो. ते येत नाहीत. म्हणतात, "पोरीला पाणी कोण ठेवील? तिची आई तर देत न्हाई."